बंद केलं होतं, पडलं नव्हतं

नवऱ्याला मी तोंडावर जन्मभर अहो-जाहो केलं. इथे करणार नाही. ज्या रागाने मी लिहायला बसले आहे, त्याला अहो-जाहो जमत नाही.

गोष्ट माझ्या काळजाची आहे. काळीज म्हणजे कवितेतलं नव्हे, छातीत धडधडतं ते. सत्तर साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी माझी छाती उघडली, काळीज बंद केलं, त्यातली खराब झालेली झडप काढून नवीन बसवली आणि काळीज पुन्हा चालू केलं. मधले काही तास माझं रक्त एका मशीनने फिरवलं. मी वाचले. एवढंच असतं तर सत्यनारायण घालून आम्ही मोकळे झालो असतो. पण त्या काही तासांत माझ्या घरच्यांनी मला मारून टाकलं, आणि एकदा मारलेलं माणूस परत जिवंत धरायला त्यांना फार जड गेलं.

आम्ही घाटकोपरला टेकडीच्या उतारावरच्या चाळीत राहत होतो. एक खोली, पुढे गॅलरी. खोलीत सासूबाई, धाकटा दीर, नणंद, नवरा, मी आणि आमची चार वर्षांची मुलगी. सासर-माहेर दोन्ही मालवणाकडचं. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नानंतर वर्षभरात कामावरच गेले. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता.

मेंटेनन्स म्हणजे काय हे मला लग्नानंतर महिन्याभरात पाठ झालं, कारण घरी आल्यावर तो दुसरं काही बोलायचाच नाही. त्यांच्या खात्यात एक नोंदवही होती. कुठलंही मशीन थांबलं की तिच्यात लिहायचं, बंद केलं की बंद पडलं. बंद केलं म्हणजे तेलपाणी करायला, पट्टा बदलायला, ठरवून, आपल्या हाताने थांबवलं. त्यात कुणाला बोल नाही. बंद पडलं म्हणजे नको तेव्हा, आपलं आपण. मग साहेब विचारणार, पाळी कोणाची होती, लक्ष कुठे होतं. मशीन चालवणारे म्हणायचे पडलं, मेंटेनन्सवाले म्हणायचे आम्ही केलं. या दोन शब्दांवरून त्याची रोज कुणाशी ना कुणाशी जुंपायची, आणि मी भाकऱ्या थापत ते सगळं भांडण पहिल्यापासून ऐकायची. हे लक्षात ठेवा. या दोन शब्दांतला फरक आमच्या अख्ख्या टेकडीवर त्याच्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

माझं दुखणं लहानपणचं. गावी ताप आला, आधी गुडघा सुजला, मग घोटा, मग मनगट. वैद्याने लेप लावले, सूज उतरली, सगळे म्हणाले पोर बरी झाली. तो ताप सांधे सोडून काळजात जाऊन बसला होता, ते कळायला माझं लग्न आणि बाळंतपण व्हावं लागलं. मुलगी झाल्यावर दम लागायला लागला. नळ खाली, चाळ वर. कळशी घेऊन चढताना मी तीनदा पायरीवर बसायची. सासूबाई म्हणायच्या की त्या माझ्या वयाच्या असताना डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घेऊन घाटी चढायच्या. चढत असतील. दोन वर्षं मी त्या तीन कळश्या ऐकल्या. मग एक दिवस खोकताना पदराला रक्त लागलं आणि नळावरच मी आडवी झाले, तेव्हा कुठे नवऱ्याने रजा टाकली आणि मला इस्पितळात नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. कागदावर काळजाचं चित्र काढून त्याने दोघांना समजावलं. झडप चिकटली आहे आणि गळतेही आहे, म्हणून नुसती रुंद करून भागणार नाही, नवीन घालावी लागेल. धातूचा लहानसा पिंजरा आणि त्यात वरखाली होणारी एक गोळी. ती बसवायची तर चालत्या काळजात बसवता येत नाही, ते थांबवावं लागतं. मी घाबरून विचारलं, थांबवलेलं परत चालू झालंच नाही तर? तो म्हणाला, "आम्ही बंद करणार, आम्हीच चालू करणार. कधी कधी दुरुस्त केलेलं काळीज लगेच भार घेत नाही. मग मशीन आणखी थोडा वेळ चालू ठेवायचं, काळजाला दम खाऊ द्यायचा आणि हळूहळू भार त्याच्यावर टाकायचा. मशीन म्हणजे तात्पुरता टेकू."

माझ्यापेक्षा नवराच खूश झाला. त्याने डॉक्टरला विचारून घेतलं की पंप कसला आहे. रबराच्या नळीवरून रूळ फिरतात आणि रक्त पुढे ढकलतात, हे ऐकून त्याने मान डोलावली. लाइट गेली तर काय, हे विचारायलाही तो विसरला नाही. हॅण्डल आहे, हाताने फिरवायचं, असं डॉक्टर म्हणाला तेव्हा तर त्याचं पूर्ण समाधान झालं. परतताना बसमध्ये तो मला म्हणाला, "हे आमचंच काम आहे गं. बंद करायचं, दुरुस्त करायचं, चालू करायचं." मी मरायची भीती घेऊन बसले होते आणि हा मला पंप समजावत होता. तरी त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. बरं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे त्याच्या खात्यातले आठ जण रक्त द्यायला आले. मशीन आधी ताज्या रक्ताने भरून घ्यावं लागायचं. रात्रपाळी संपवून ते तसेच आले होते, हातांना ग्रीस होतं. त्या आठही जणांची मी आजन्म ऋणी आहे. माझा राग ज्यांच्यावर आहे त्यांत ते नाहीत.

पुढचं मला सांगितलेलं आहे, कारण मी टेबलावर होते.

आमच्या उतारावर टेलिफोन एकच, चाळीखालच्या कच्छी वाण्याच्या दुकानात. दुपारी तीनच्या सुमाराला त्यावर नवऱ्याचा फोन आला. सासूबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाणी दुकानाबाहेर येऊन खालूनच ओरडला की भाभीचा हार्ट बंद पडला.

मराठीत काळीज बंद पडण्याचा एकच अर्थ होतो. रोज पेपरात येतं, हृदयक्रिया बंद पडून. आणि आमच्या घरात तर ते आधी एकदा आलेलं होतं. सासरे गेले तेव्हा गिरणीतून निरोप याच टेलिफोनवर आला होता, याच वाण्याने याच जागी उभं राहून ओरडून सांगितला होता. सासूबाईंच्या हातातलं सूप सुटलं. तांदूळ गॅलरीभर झाले आणि रडारड सुरू झाली.

मग जे व्हायचं ते रीतसर झालं. चूल विझवली. शेजारणी जमल्या. कुणीतरी शहाणीने माझ्या मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं की आई देवबाप्पाकडे गेली. दिराने स्टेशनाकडे धावत जाऊन माझ्या आईला गावी तार केली, आणि चाळीतले चार जण घेऊन तो मला आणायला इस्पितळात गेला. हे पाच जण संध्याकाळी वॉर्डाबाहेर पोचले तेव्हा नवरा बाकावर बसून डबा खात होता. दिराने त्याला मिठी मारून हंबरडा फोडला. नवरा म्हणाला, अरे चालू झालं, मगाशीच चालू झालं. असं म्हणतात की त्या पाचांपैकी एकाला आनंदाने चक्कर आली. येऊ दे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकालाही सुचलं नाही की पहिल्या तारेमागून दुसरी तार करायला हवी.

गावी तार आली की आधी रडतात, मग उघडतात. माझ्या आईने उघडून घेतली, वाचून घेतली आणि पेटीतून हिरवं नऊवारी लुगडं काढलं. गौरीला मला द्यायला म्हणून तिने ते ठेवलं होतं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं हिरवं लुगडं घालतात. ते गाठोड्यात बांधून आई एस.टी.त बसली. एक पूर्ण दिवस आणि एक रात्र ते गाठोडं मांडीवर धरून ती बसली होती, पाणी प्यायली नाही. दुसरी तार गावी पोचली तेव्हा ती पनवेलच्या आसपास असेल.

शुद्धीवर आल्यावर मला पहिली आठवण आहे ती माझ्या पायांना लागलेल्या हाताची. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि माझे तळवे चाचपत होती. गरम आहेत का ते बघत होती.

ते गाठोडं आठवडाभर माझ्या खाटेखाली होतं. बोलण्याइतकी ताकद आली तेव्हा मी विचारलं, त्यात काय आहे? आईला खोटं बोलता येत नव्हतं. तिने लुगडं काढून माझ्या पायांवर ठेवलं. "तुज्या आंगार घालूक हाडलेलंय," ती म्हणाली. "आता जित्या आंगार नेस."

महिन्याने मी घरी आले. दुखण्यातून उठलेल्या माणसावरून दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तेव्हा घरात घेतात. सासूबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. मी समोर उभी. चाळ सगळी गॅलरीत. त्यांचा हात वर उचललाच जाईना. मग त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "भाकरतुकडो जित्या माणसाक ओवाळतत रे." माझ्या आईने त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला, स्वतः ओवाळलं, तुकडा लांब फेकला आणि मला दंडाला धरून आत नेलं. आत माझी मुलगी पेटीमागे जाऊन लपली. देवबाप्पाकडे गेलेली आई परत येत नाही, हे तिला नीट समजावलेलं होतं. चार दिवस ती माझ्याजवळ आली नाही. तिला ते सांगणारी बाई कोण, हे मी अजून शोधते आहे.

नवीन झडपेचा आवाज यायचा. खोली शांत असली की सगळ्यांना ऐकू जायचा, अडकित्त्याने बारीक सुपारी कातरावी तसा. सासूबाईंचा स्वतःचा अडकित्ता दिवसभर चालायचा, त्यात आता माझा. माझा आवाज सुरू झाला की त्या आपला थांबवायच्या आणि ऐकत बसायच्या.

मग नियम सुरू झाले. देवासमोर दिवा मी लावायचा नाही. आलेल्या बायकांना हळदीकुंकू मी द्यायचं नाही, मला कुणी दिलं तर सासूबाई आड यायच्या. एकदा मेलेल्या बाईने सवाष्णीचं काही करू नये. असं शास्त्रात कुठे नाही. नवऱ्याला नाही विचारवलं तेव्हा मीच एका भटजींना बोलावून विचारलं, ते म्हणाले असं काही नाही, बिनदिक्कत दिवा लावा. सासूबाई म्हणाल्या, ह्या भटाक काय कळता, तो शिकलेलो आसा. आणि स्वयंपाक? तो मीच करायचा. धुणी मीच धुवायची. मेलेल्या बाईच्या हातची आमटी सगळ्यांना गोड लागत होती. माझ्या भाकरीला कसला विटाळ नव्हता, माझ्या कुंकवाला होता.

सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे मला आज कळतं. त्या वाण्याच्या तोंडून ते शब्द त्यांनी दोनदा ऐकले होते. पहिल्या वेळी माणूस परत आलं नाही. दुसऱ्या वेळी जे परत आलं ते काय आहे, याची त्यांना खात्री नव्हती. मला कळतं. कळलं म्हणून राग कमी झालेला नाही.

माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते मी नवऱ्याच्या नोंदवहीतून उचललं होतं. बंद केलं होतं, पडलं नव्हतं. डॉक्टरांनी आपल्या हाताने बंद केलं आणि आपल्या हाताने चालू केलं, त्यात मी मेले कुठे? हे वाक्य मी सासूबाईंना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, नळावर सांगितलं. लोक मला चिडवायला लागले, आली बघा बंद केलं होतं. दर वेळी मी नवऱ्याकडे बघायची. त्याने एकदा म्हणावं, आये, हे माझं काम आहे, मला ठाऊक आहे, ती म्हणते ते खरं. दर वेळी तो उठून गॅलरीत विडी ओढायला जायचा. ज्या माणसाने या दोन शब्दांवरून साहेबांशी भांडणं केली, त्याची माझ्या वेळी वाचा बसली.

वैशाखात नणंदेचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाआधी पाच सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधून हळद कुटतात आणि ती नवरीला लावतात. थोरली भावजय म्हणून पहिला हात माझा. मला कुणी बोलावलंच नाही. सासूबाईंनी शेवटच्या खोलीतली एक बाई आणून पाचाचा आकडा पुरा केला.

मी पेटीतून आईचं हिरवं लुगडं काढलं. मला नऊवारी नेसायची सवय नव्हती, तरी नेसले. कुंकू चांगलं ठसठशीत लावलं. आणि बायका मुसळाभोवती बसल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिले. गाणी थांबली. सगळ्या एकदम गप्प झाल्यावर माझ्या छातीतला अडकित्ता खोलीभर वाजायला लागला.

सासूबाई बसल्या जागेवरून, मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुजा काळीज बंद पडला होता. मेलेल्या बायलेन हळदीक हात लावचो नाय. माका एकच चेडू आसा."

मी म्हटलं, "बंद केलं होतं. पडलं नव्हतं. विचारा तुमच्या मुलाला."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. तो मांडवातल्या दिव्यांची वायर खांद्यावर घेऊन उभा होता. मी बघत होते, त्याची आई बघत होती, नवरी मुलगी बघत होती. त्याने वायरीचं एक टोक हातात घेतलं, दुसरं शोधलं आणि तो निघून गेला.

तेव्हा मी वाकले, हळदीच्या वाटीत चार बोटं बुडवली आणि नणंदेच्या गालाला लावली. सासूबाई उठल्या, त्यांनी ती वाटी उचलली आणि गॅलरीतून खाली गटारात ओतली. हळद नव्याने कुटायला घेतली. नणंद बिचारी एकोणीस वर्षांची, रडत बसली होती. पण गाल तिने पुसला नाही. तिच्या लग्नात मला मिळालेला मान तेवढाच.

राग कुणावर काढायचा? सासूबाई म्हाताऱ्या, नवरा मुका. मी वाण्याला धरलं. सगळ्याचं मूळ तो, असं मी ठरवून टाकलं. नवऱ्याने फोनवर नीट सांगितलं असणार की काळीज बंद केलंय, मशीनवर ठेवलंय, आणि या कच्छी माणसाने आपल्या मोडक्या मराठीत केलंचं पडलं करून टाकलं. मी घरी आले त्या आठवड्यात तो स्वतः जिना चढून खडीसाखरेची पुडी घेऊन आला होता. मी पुडी मुलीच्या हाती खाली परत पाठवली. त्यानंतर सात वर्षं मी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. साखर, तांदूळ, रॉकेल, सगळं स्टेशनाजवळून आणायची आणि तो उतार पिशव्या घेऊन चढायची. डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हणून बजावलं होतं. वाणी दुकानातून बघायचा. मी मान वळवायची. चांगली जिरवली, असं मला वाटायचं.

दशक संपत आलं तेव्हा सासूबाई गेल्या, म्हातारपणाने, साध्या तापात. शेवटचे पंधरा दिवस त्यांनी माझ्याच हातून पेज घेतली. दिवा लाव असं मात्र म्हणाल्या नाहीत. पुढच्या वर्षी वाण्याने दुकान विकलं. मुलाकडे मुलुंडला जाणार होता. एका रविवारी सकाळी तो चाळीत वर येऊन प्रत्येक दारी निरोप घेत फिरला. आमच्या खोलीशी आला तसं मी दार लावून घेतलं.

नवरा जमिनीवर बसून टेबलफॅन खोलत होता. दुपारभर तो त्यातच होता. मी वाण्याच्या नावाने बोलतच होते, की गेला एकदाचा, ज्याच्या जिभेने मला जिवंतपणी मारलं तो गेला. नेहमीसारखं तो उठून गॅलरीत जाईल असं वाटलं. तो उठला नाही.

"त्याने चुकीचं काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "पडलं असं मीच म्हणालो होतो."

मग एकेक करून त्याने सांगितलं, स्क्रूकडे बघत. झडप दुपारी एकपर्यंतच बसली होती. मशीन कमी करत आणलं, काळीज लटपटलं, भार घेईना. पुन्हा मशीनवर घेतलं. पुन्हा कमी केलं, पुन्हा तेच. असं तीन वेळा. तीनच्या आधी डॉक्टर तोंडावरचं फडकं खाली करून बाहेर आला, घामाने भिजलेला. म्हणाला, चालू होत नाहीये, मशीनवरच ठेवलंय, थांबून बघू. नवरा तिथून खाली टेलिफोनपाशी गेला. बंद केलेलं असतं ते चालू व्हायला हवं होतं, झालं नाही. त्याच्या हिशेबाने आता ते पडलं होतं. त्याने वाण्याला सांगितलं, काळीज बंद पडलंय, पण मशीनवर ठेवलंय, रडू नका, थांबा. वाण्याने सगळं, शब्द न् शब्द, ओरडून सांगितलं होतं, हे त्याने मागाहून वाण्याकडूनच ऐकलं होतं. चाळीने पहिलं वाक्य ऐकलं आणि रडायला सुरुवात केली. दुसरं कुणाला ऐकूच गेलं नाही. दीड तासाने, चौथ्या खेपेला, माझ्या काळजाने भार घेतला.

म्हणजे सात वर्षं मी जे वाक्य घेऊन अख्ख्या टेकडीशी भांडले, ते अर्धं खोटं होतं. केलंही होतं आणि पडलंही होतं. आणि त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग मला बोलू का दिलंत? तो म्हणाला की मी ते इतक्या जोरात म्हणायची, ते खोटं कसं पाडणार? आणि आयेसमोर खरं आहे असं तरी कसं म्हणणार? म्हणून तो गप्प बसला.

त्याने शेवटचा स्क्रू आवळला, फॅन सरळ उभा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडलं तर काय झालं? पडलेलं मशीन चालू करायचाच मला पगार मिळतो. थोडा टेकू द्यायचा, चालू होतं. पडलं म्हणून आजपर्यंत एकही भंगारात टाकलेलं नाही."

इतकं नीट, इतकं सरळ. कुणालाही कळलं असतं. त्याच्या आईलाही कळलं असतं, तिचा नवरा जन्मभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, पडलेले साचे चालू होतात हे तिला ठाऊक होतं. मुसळाभोवतीच्या पाचही बायकांना कळलं असतं, त्या सगळ्या गिरणीवाल्यांच्याच बायका. चार वाक्यं. ती सात वर्षं त्याच्या तोंडात होती.

मी म्हटलं, "हे हळदीच्या दिवशी दारात उभं राहून आईंना सांगायला काय झालं होतं?"

त्याने फॅनची पिन लावली आणि बटण दाबलं. फॅन चालू झाला. तो त्याच्याकडे बघत राहिला.

मी जिना उतरून खाली गेले. वाण्याच्या दुकानाला कुलूप लागलं होतं. जाळीच्या दारातून आतला तराजू फळीवर दिसत होता, टेलिफोन काढून नेलेला होता, भिंतीवर त्याचा चौकोनी डाग होता. मी दुकानाच्या पायरीवर बसले. सात वर्षांत पहिल्यांदा. तिथे बसून, इथून पुढे राग कुणावर धरायचा ते मी नव्याने ठरवलं, आणि ठरल्यावर वर चढले.